चार मीटर कमी पडलेली वायर

प्रिय छोट्या,

माझं अक्षर बघून तू पाकीट आधी दोनदा उलटंपालटं करशील. फोनवर 'बरं' आणि 'ठेवतो' यापलीकडे न जाणारा दादा पत्र लिहायला बसला म्हणजे एक तर त्याची तब्येत बिघडली किंवा डोकं, असंच तुला वाटेल. तब्येत ठीक आहे. शिडी चढताना गुडघा कुरकुरतो, म्हणून दुकान दुपारपर्यंतच उघडं ठेवतो. उरलेला दिवस तुझ्या वहिनीच्या ताब्यात. मी भाजी निवडतो आणि ती तपासनीस असल्यासारखी समोर उभी राहते. काल मेथीच्या काड्या परत निवडायला लावल्या. पंचेचाळीस वर्षं माणसांच्या घरात उजेड पाडला, आता स्वतःच्या घरात काही पडत नाही.

सांगायचंय ते तुझ्या गाडीच्या चार्जरबद्दल. दोन वर्षं आपल्याकडे तो विषय कुणी काढत नाही. काढलाच तर मी काढतो, तुला टोमणा मारायला. मागच्या वेळी सगळे जेवायला बसलो असताना मी म्हणालो होतो की छोट्याला पंख्याचं बटणसुद्धा जपून लावायला सांगा. सगळे हसले होते. तूही हसलास. तुझी बायको मात्र ताटावरून उठून आत गेली. ते हसणं आता रोज आठवतं.

तू गाडी घेतलीस तेव्हा काय मिरवलो होतो मी! बिनपेट्रोलची गाडी पहिल्यांदा माझ्या भावाने आणली म्हणून दुकानात येईल त्याला ऐकवत होतो. मग कंपनीचा तो इस्त्रीच्या शर्टातला पोरगा अंदाजपत्रक घेऊन आला. चार्जर गाडीबरोबर फुकट, आणि तो भिंतीला लावायचा खर्च मात्र बघताच आपल्या दोघांचे डोळे पांढरे झाले. मीटरपासून पोर्चपर्यंत नवी जाड वायर, वेगळं अर्थिंग, वेगळा ब्रेकर, वर वाढीव लोडचा अर्ज. त्या अर्जासाठी तू वीज ऑफिसात चार चकरा मारल्यास. कधी साहेब जागेवर नाही, कधी घरपट्टीची पावती जुनी, कधी शिक्का पुसट. चौथ्या दिवशी तू वैतागून माझ्या दुकानात येऊन बसलास. तेव्हाच मी ते अंदाजपत्रक तुझ्या हातातून घेतलं आणि फाडलं. घरात वायरमन असताना परक्याला पैसे मोजायचे म्हणजे माझ्या तोंडाला काळं फासणं, असं काहीतरी बोललो. तू म्हणालास की दादा, कंपनीकडूनच करून घेऊ, निदान जबाबदारी त्यांची राहील. त्यावर मी दहावीनंतर शिडी खांद्यावर कशी घेतली आणि तू कॉलेजात कसा गेलास, ते पुन्हा एकदा सुरू केलं. तू गप्प झालास. ते सुरू केलं की तू नेहमीच गप्प व्हायचास, आणि मला ते ठाऊक होतं.

पाव खर्चात करून देतो म्हणालो होतो. एका फर्निचर कारखान्याच्या कामातली जाड वायर माझ्याकडे उरली होती, तिच्याच जोरावर मी ही शेखी मिरवली होती. रविवारी ओढायला घेतली तर चार मीटर कमी. मीटरपासून पोर्च सव्वीस मीटर, वायर बावीस. मी मोजलंच नव्हतं. दुसऱ्याला दहा वेळा मोजायला लावणारा मी भावाच्या घरी नजरेने अंदाज करून मोकळा झालो. नवं बंडल आणायचं तर पाव खर्चाची माझी फुशारकी तिथेच संपली असती. तू चहा घेऊन आलास आणि विचारलंस, जमतंय ना? मी म्हणालो, जमायला काय झालं.

शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगितलंय की पाइपाच्या आत जोड द्यायचा नाही. द्यायचाच तर डबा बसवून द्या, डोळ्यांना दिसेल असा. त्या दिवशी मी तुझ्या बायकोच्या शिवणाच्या खोलीच्या माळ्यावर बसून चार मीटरचा तुकडा जोडला, टेप गुंडाळली आणि पाइपात सारला. पुढच्या आठवड्यात येऊन बदलू म्हणालो. पुढचे आठवडे माझ्याकडे कधी नव्हते असं नाही. चार्जर चालत होता आणि तू सगळ्यांना सांगत होतास की माझ्या दादाने केलंय. ते ऐकायला बरं वाटत होतं.

पाच महिन्यांनी शनिवारी दुपारी माळा पेटला. माणसं वाचली, गाडीही वाचली. तुझ्या बायकोची शिवणाची खोली गेली. दोन मशिनं, कापून ठेवलेले कपडे, लग्नाच्या ऑर्डरी, अकरा वर्षांत एकेक करून जोडलेली गिऱ्हाइकं. विम्याचा माणूस आला तेव्हा मी परवानाधारक वायरमन म्हणून लिहून दिलं की वायरिंग निर्दोष होतं, वापरणाऱ्याने चार्जर सोळा अँपिअरऐवजी बत्तीसवर ठेवला असावा. तू एकदाच म्हणालास की दादा, मी तो सोळाच्या वर नेलाच नाही. मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. विमा नाकारला गेला. आता तुझी बायको कुणाच्या तरी दुकानात दिवसभर उभी राहून बिलं करते आणि तुझ्याशी कामापुरतं बोलते. तुझ्या गाडीच्या हौसेने आणि निष्काळजीपणाने तिचं सगळं गेलं, असंच तिला वाटतं. ते तिच्या मनात मी घातलं.

इतके दिवस मी स्वतःला समजावत होतो की जोड कदाचित धडधाकट असेल, तूच काहीतरी गडबड केली असशील. गेल्या मंगळवारी घाऊक दुकानात टकलू मिस्त्री भेटला, ज्याने तुझ्या घराचं वायरिंग पुन्हा करून दिलं तो. गप्पांच्या ओघात म्हणाला, तुमच्यासारखा भाऊ नशिबानेच मिळतो. मला वाटलं माझं कौतुक चाललंय. तो तुझ्याबद्दल बोलत होता. जळका जोड त्याने पाइपातून काढून तुझ्या हातात दिला होता, आणि तू त्याला हात जोडून सांगितलं होतंस की हे कुणाला बोलू नका, दादाचा परवाना जाईल, या वयात त्याचं नाव जाईल.

घ्यायचं सामान तिथेच टाकून मी घरी आलो. छोट्या, तुला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं! तरी तू बायकोचं बोलणं खाल्लंस, माझे टोमणे खाल्लेस, माझ्या पंक्तीला बसून हसलास. कशासाठी? मी शिडी खांद्यावर घेतली म्हणून? ती मी आनंदाने घेतली होती रे. तुला पुन्हा पुन्हा ऐकवून मी तिची किंमत वसूल करत होतो, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. मला लाज वाटते.

परवा विमा ऑफिसात जाऊन खरं काय ते लिहून दिलं. तिथली बाई चांगली होती, तिने दोनदा वाचलं आणि मुदत संपून गेल्याचं सांगितलं. म्हणजे तुझ्या बायकोची मशिनं काही परत येत नाहीत. परवाना मी स्वतःहून जमा केला. मग तिच्या दुकानाच्या दारापर्यंत गेलो. ती काउंटरवर उभी होती, समोर रांग होती. तिच्यासमोर उभं राहून बोलायची हिंमत माझ्यात नव्हती. तसाच परत आलो आणि हे लिहिलं. तू हे वाचून घडी घालशील, कुठेतरी खोल ठेवून देशील आणि तिला एक शब्द कळू देणार नाहीस, पुन्हा एकदा मला वाचवशील. म्हणून हेच पत्र मी दोनदा लिहिलंय. दुसरी प्रत तिच्या दुकानाच्या पत्त्यावर कालच टाकली. तुझं पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत तिने तिचं वाचलेलं असेल.

तुझाच गुन्हेगार,
दादा