अजून किती पूल

१० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं कारण, फोनवर तू ‘इकडे सगळं छान’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्रात निदान एक पान तरी भरावं लागतं.

आमचं होडीचं प्रकरण तुला ठाऊक आहेच. बेकरीवाला, दंतवैद्य, शिंपी आणि मी, असे चौघे नदीवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरतो. तरुण पोरांना वाटतं, काका मंडळी हवा खायला आली आहेत. गेल्या वर्षी आम्ही शर्यत अर्धवट सोडली हे तुला सांगितलं होतं, का सोडली ते सांगितलं नव्हतं. वल्हवणारे आम्ही पाठमोरे बसतो. होडी पुढे जाते आणि आम्हाला दिसतं ते मागे पडलेलं. पुढचं दिसतं फक्त सुकाणू धरणाऱ्याला, म्हणजे आमच्या निवृत्त हेडमास्तरांना. शेवटी आमचे हात गळून पडले तेव्हा ते म्हणाले, आलंच, हे एक वळण. वळण गेलं. पुन्हा म्हणाले, आता मात्र आलंच. मी दर वेळी मान वळवून बघायचो, की लय बिघडलीच. तिसऱ्यांदा ‘आलंच’ ऐकल्यावर बेकरीवाल्याने वल्हं आत घेतलं आणि सांगितलं की तो आता इथेच राहणार. होडी काठाला लावली. उतरून चौकशी केली तर शेवट खरोखरच त्या वळणापलीकडे होता.

ताई, मी साठीचा झालो. ही शर्यत मला एकदा तरी पुरी करायची आहे. पुढच्या वर्षी खांदा काय म्हणेल ते सांगता येत नाही. हेडमास्तरांनी घशाचं कारण सांगून अंग काढून घेतलं आहे. मला तू हवीस. वजनाला हलकी आहेस, आणि आवाज असा की वॉर्डाच्या एका टोकाला तू बोललीस की दुसऱ्या टोकाचा पेशंट उठून बसायचा. अट एकच, होडीत खोटं बोलायचं नाही. बाबांच्या आजारात ‘उतार आहे, परीक्षा आटोपून ये’ असं तू लिहिलंस, आणि मी आलो तेव्हा सगळं संपलं होतं. राग नाही आता. पण तुझ्या ‘छान’वर तेव्हापासून माझा विश्वास नाही, आणि होडीत विश्वास नसला की मान वळते.

जावईबापूंच्या बदलीचं काय झालं?

लोभ आहेच, उत्तर लवकर यावं आणि खरं यावं.

तुझा,
धाकटा

---

१९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

साठीच्या बाप्याला चिरंजीव लिहिताना हसू आलं, पण सवय जात नाही.

मला पोहता येत नाही. गुडघा कुरकुर करतो. तुझा तो बेकरीवाला मला पाहून काय म्हणेल ते मी इथून ऐकू शकते. आणि खोट्याचं म्हणशील तर ‘मुंगी चावेल एवढंच’ म्हणत मी उभा जन्म सुया टोचल्या. त्या एका वाक्यावर लोकांनी दंड पुढे केले. खरं सांगितलं असतं तर निम्मे खिडकीतून पळाले असते. बाबांच्या वेळी तुझी परीक्षा होती. आजही मी तेच लिहीन, मग तू कितीही फुरंगटून बस.

तरी येते. सराव महिनाभर तरी हवा, तेव्हा पुढच्या महिन्यात येऊन राहीन. तुझी अट मान्य, पण ती होडीपुरती. मागच्या खोलीत एक गादी टाकली की माझं भागेल, असं भावजयबाईंना सांग. स्टेशनवर यायची तसदी घेऊ नकोस, माझी मी येईन.

जावयाच्या बदलीचं विचारलंस. इकडे सगळं छान.

खांदा शेकत जा. माया आहे ती आहेच, लिहून दाखवत नाही.

तुझी,
ताई

---

२ मार्च

प्रिय आईस,
सा. न. वि. वि.

लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही. मामा हसला तरी घालायचंच.

इकडे निम्मं घर खोक्यांत गेलंय. महिनाअखेर घरमालकाला किल्ली द्यायची. तिकडे परदेशात कंपनीची जागा म्हणजे दीड खोली, आणि पहिली दोन वर्षं तुला नेता येणार नाही, यावरून आमच्या दोघांत किती वाजलं ते तू भिंतीपलीकडून ऐकलं असशीलच. त्यामुळे मामाने आपणहून ‘आता कायमची इकडेच ये’ म्हटल्याचं तू सांगितलंस, तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. त्याला आभाराचं पत्र लिहिणार होते, तर तू नको म्हणालीस. निदान तोंडी तरी सांग.

तुझं कपाट आणि शिवणयंत्र टेम्पोने पाठवते. मागच्या खोलीत मावेल ना? मामीला विचारून कळव.

तुझ्या नातीचा पापा. तुझा हात आमच्या डोक्यावर असू दे.

तुझी,
लेक

---

१६ मार्च

चि. लेकीस,
अ. उ. आ.

शर्यत काल झाली. जॅकेट घातलं होतं. त्यात मी एखाद्या फुगलेल्या उशीसारखी दिसत होते, असं शिंप्याचं मत.

निघालो तेव्हा सगळं ठीक होतं. दुपारी समोरून वारा सुटला आणि सगळ्या होड्या आमच्या पुढे निघून गेल्या. नियम असा की दिवस मावळायच्या आत पोहोचाल तरच नोंद होणार. ऊन पाण्यावर तिरपं आलं तेव्हा बेकरीवाल्याने विचारलं, अजून किती. चौघांची तोंडं माझ्याकडे. दंतवैद्याचे ओठ पांढरे पडले होते. तुझ्या मामाच्या तळहाताला रक्त आलं होतं आणि तो ते मला दिसू नये म्हणून मूठ घट्ट धरून बसला होता. ‘आलंच’ हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला, खोटं कशाला सांगू. पण अट होती. मी सांगितलं की अजून चार पूल आहेत, दिवस मावळायच्या आत आपण काही पोहोचत नाही आणि आपल्या मागे एकही होडी नाही.

मला वाटलं, संपलं सगळं माझ्यामुळे. मग बेकरीवाला म्हणाला, नोंद होणार नसेल तर घाई कसली, आधी खाऊन घेऊ. त्याने पाव काढला, आम्ही खाल्ला, मामाच्या हाताला मी पट्टी बांधली, आणि पुन्हा निघालो. दर पुलाखालून गेलं की मी ओरडायची, तीन राहिले, दोन राहिले. इतका मोकळा आवाज मी निवृत्त झाल्यापासून लावला नव्हता.

पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि आयोजकांची माणसं टेबलं घडी करत होती. मी म्हटलं, आला काठ. मामाने विचारलं, खरंच? मी म्हटलं, खरंच. त्याने मान वळवून पाहिलं नाही. नुसतं वल्हं खाली ठेवलं आणि रडला. त्याचं ते न पाहणं माझ्या फार जिव्हारी लागलं, बाळा.

कारण तुझ्या कपाटाच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. मामीला मी विचारलेलं नाही. मामालाही नाही. त्याने मला होडीसाठी बोलावलं होतं, कायमचं नाही. तू निर्धास्त जावंस म्हणून मी तसं सांगितलं. महिनाभर रोज संध्याकाळी विचारायचं ठरवते, आणि समोर बसले की तोंडातून निघतं, सगळं छान. परवाच्या गाडीने तिकडे येते आणि त्याला पत्रच घालते. टेम्पो थांबव.

रागावलीस तरी जेवण टाकू नकोस.

तुझी,
आई

---

१९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे होडीबाहेरचं आहे, तरी तुझ्या अटीप्रमाणे लिहिते.

जावयाची बदली परदेशी झाली आहे. महिनाअखेर घर रिकामं होईल. मला नेता येत नाही, त्यात त्यांचा दोष नाही. लेकीला मी सांगून टाकलं होतं की तू मला कायमचं बोलावलं आहेस. तुला न विचारता सांगितलं. एकटीने खोली घेऊन राहीन असं वाटलं होतं, पण मला भीती वाटते. रात्री काही झालं तर कोणाला हाक मारायची, ही साधी भीती.

मी तिकडे येऊन राहिले तर चालेल का? मला वाईट वाटू नये म्हणून काही लिहू नकोस. नाही असेल तर नाहीच लिही. मी चार पूल ऐकवले, तसं तूही ऐकव.

काहीही लिहिलंस तरी माया तीच राहील.

तुझी,
ताई

---

२५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहायला हवं होतं, पण मला लगेच हो म्हणवेना. हे खरं आहे, म्हणून लिहिलं. हिला वाचून दाखवलं तर ही म्हणाली, महिनाभराची पाहुणी वेगळी आणि कायमचं माणूस वेगळं, स्वयंपाकघरात आमचं वाजणार. वाजेल असं मलाही वाटतं. मागची खोली लहान आहे. तिथे ऊन येत नाही आणि भिंतीला ओल आहे. कपाट मावेल, शिवणयंत्र मावणार नाही. ते ही आपल्या खोलीत ठेवून घेते म्हणाली, पण त्यावर आधी हक्क तिचा. माझं दुकान हल्ली जेमतेम चालतं. तुझ्या आवाजाने शेजारी उठतील.

काल नदीवर गेलो होतो. तू नाहीस म्हणून हेडमास्तर बसले सुकाणूवर. अर्ध्या तासाने म्हणाले, आलंच. चौघांच्या माना एकदम वळल्या. बेकरीवाल्याने तिथेच मला विचारलं, सिस्टर कधी येणार.

घरी आलो तर हिने मागच्या खोलीतली वल्ही बाहेर काढून ठेवली होती आणि ओल्या भिंतीपासून खाट लांब ओढत होती. मला म्हणाली, बघत काय उभे राहिलात, दुसरी बाजू धरा.

तेव्हा ये. लेकीला टेम्पो पाठवायला सांग. मागच्या खेपेला ‘माझी मी येईन’ म्हणून स्टेशनपासून बॅग ओढत चालत आलीस आणि रिक्षाने आल्याचं सांगितलंस, हे हिला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

लोभ आहेच, गाडीची वेळ तेवढी खरी कळव.

तुझा,
धाकटा