फोटोवरचं कुंकू

खंडेनवमी, २००४. नोव्हाय, अमेरिका

आज शस्त्रपूजेत सुरी-कात्रीशेजारी अविनाशच्या फ्रिगेटचा, त्याच्या युद्धनौकेचा, फोटो मांडला. रशियात बांधलेली, नवीकोरी. डेकवरच्या क्षेपणास्त्रांच्या झाकणांना कुंकू लावलं आणि जमलेल्या बायकांना ऐटीत सांगितलं, "माझ्या भाच्याचं जहाज! शत्रू नजरेला पडायच्या आत त्याला बुडवतं!"

अविनाशची आई, माझी वहिनी, सध्या इथं आलीये. हळूच म्हणाली, "वन्सं, समोरच्यांकडेही असलीच क्षेपणास्त्रं असतील ना?"

"छे गं!" म्हणून मी हसले. का हसले मी?

ती उठली, चिमूटभर कुंकू घेतलं आणि फोटोतल्या अविनाशच्या कपाळाला लावलं.

देवा, झाकणांना कुंकू लावताना पोर शेजारीच उभं होतं. मला दिसलंच नाही.