आमच्या लग्नाची फिल्म कुणी मागवली?

कोल्हापूर, सोमवार

चि. पारसराव यांस,

जय जिनेंद्र. वयाने आशीर्वाद आणि जावई म्हणून नमस्कार, दोन्ही एकदमच स्वीकारावेत. तुमची पाठदुखी कशी आहे? (खुर्ची बदला, पुण्यात खुर्च्यांना तोटा नसावा.) आमची प्राची खुशाल असेलच. आम्ही दोघेही आज तरी बरे आहोत. 'आज तरी' का लिहिले, ते पुढे कळेल. फोन केला असता, पण तुमच्या सासूबाई शेजारच्या खोलीतूनही सगळे ऐकतात. ई-मेल करणार होतो, तर त्याचे आणि क्लाउडचे खाते एकच. तिथे लिहिलेले आणखी कोण वाचील, याची आता मला खात्री नाही. म्हणून हा कागद पुण्याला निघालेल्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतो आहे.

दिवाळीत तुम्ही आमच्या स्टुडिओतल्या जुन्या लग्नांच्या कॅसेटी क्लाउडवर चढवून दिल्यात, ते उपकार मी विसरलेलो नाही. (प्रयत्न चालू आहे.) तीन कप्पे तुम्हीच समजावलेत. गरम कप्पा ठेवायला महाग, पण मागितले की लगेच हातात. थंड कप्पा ठेवायला स्वस्त, पण काढताना पैसे मोजा. आणि तळाचा आर्काइव्ह, ठेवणे जवळजवळ फुकट, पण आज मागणी नोंदवली तर फिल्म परवा वर येणार. टिकाऊपणा तिन्हीकडे सारखाच. आमच्याकडून काही हरवत नाही, असे क्लाउडची कंपनी छातीठोकपणे सांगते. तुमच्या सासूबाईंनी, म्हणजे त्रिशलाने, स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा, मांडणी आणि माळा असे तिन्ही कप्पे ताबडतोब ओळखले. मी म्हटले, इतक्या जुन्या लग्नाची फिल्म घाईने कोण मागणार? सगळी जुनी गिऱ्हाइके तळाला. त्यावर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "जुना फोटू मानूस गेल्यावरच मागत्यात. आनि तवा कुनालाबी दोन दिस दम निघत न्हाय." मी दुर्लक्ष केले. (सवयीने.)

थोड्याच दिवसांत पेठ वडगावचा कृष्णात दारात उभा. त्याचे मामा पहाटे वारले होते आणि श्रद्धांजलीचा बोर्ड दुपारच्या आत चौकात लागायला हवा होता. मामांचा फेटा बांधलेला हसरा चेहरा फक्त आम्ही काढलेल्या त्यांच्या घरच्या लग्नाच्या फिल्ममध्ये. "जरा लवकर बघा की काका," तो म्हणाला, "पावणं जमाय लागल्यात." आता याला परवा ये, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? उगाच काहीतरी करतोय असे दाखवायला खाते उघडले, तर ती फिल्म वर येऊन बसलेली. चेहरा काढून दिला, बोर्ड लागला. तो गेल्यावर माझे लक्ष मागणीच्या नोंदीकडे गेले. मागणी दोन दिवस आधीची होती. मामा तेव्हा वडगावच्या बाजारात वांगी निवडत होते.

मागणाऱ्याचे नाव धनपाल, म्हणजे मी. (त्या दिवशी मी नेसरीला एका वास्तुशांतीत कॅमेरा खांद्यावर घेऊन उभा होतो आणि मोबाईलला रेंज नव्हती.) पहिला संशय तुमच्यावर आला, पण जावयाला तसे विचारणे बरे दिसत नाही म्हणून गुपचूप पासवर्ड बदलला. मग वारणानगरचा प्रसेनजीत आला. त्याचे वडील गणपतराव गेले होते, त्यालाही फोटो हवा होता. पुन्हा तेच. फिल्म तयार, मागणी दोन दिवस आधीची, नाव माझे. तो डोळे पुसत म्हणाला, "आमी यायच्या आदीच काढून ठेवलासा? तुमास्नी कसं कळलं ओ?" मी त्याच्यासाठी चहा सांगितला.

आज सकाळी पाहतो तर तळातून आणखी एक फिल्म मागवलेली. आमची. धनपाल आणि त्रिशला यांच्या लग्नाची. परवा वर येईल. पारसराव, मला भीती वाटते आहे, स्वतःची थोडी आणि तिची फार. सकाळपासून तिला स्टुलावर चढू दिलेले नाही, गॅस मीच पेटवतो, आणि ती न्हाणीघरात गेली की बाहेर उभा राहून खोकतो, म्हणजे ती आतून ओरडते आणि माझी खात्री पटते. दुपारी तिचे बी.पी. तपासून आणले. उत्तम आहे. माझेही तपासले. ते इथे लिहीत नाही.

तुमचा,
धनपाल

ता. क. मुख्य काम राहिलेच. एकदा नोंदलेली मागणी रद्द करता येते का? कंपनीच्या पानावर येत नाही असे लिहिले आहे. पण तुम्ही त्या लाइनीतले, काहीतरी वाट काढा. ती फिल्म मी सकाळीच पुसून टाकली होती. दुपारी पाहिले तर जागच्या जागी. काही हरवत नाही म्हणतात ते खरे आहे.

आणखी ता. क. त्रिशलाने पत्र वाचले. म्हणाली, "मीच मागवली ती फिलम. माजा शालू बगायचा हुता. झालं समादान?" नवा पासवर्ड काय, म्हणून विचारले, तर कुकर बघायला उठून गेली. कुकर लावलेलाच नव्हता.

शेवटचा ता. क. तुम्ही आणि प्राची परवा अवश्य या. सूर्यास्ताच्या आत पोहोचा, म्हणजे चौघे एकत्र जेवू. फक्त आमच्या लग्नाची फिल्म मागू नका. फोटो लागलाच, तर माझ्या आधार कार्डावरचा चालवून घ्या.