किटलीच्या पोटात

४ तारीख, सोमवार
कोणी वाचलंच तर शुद्धलेखनाला हसू नका, शाळा आठवीत सुटली. टायपिंगही हळू. फोन आईचा आहे, त्यात र दोनदा दाबल्याशिवाय उमटत नाही. आई मला गोगलगाय म्हणायची ते काय उगाच?
आज बाबांनी मला चित्रकार काकूंकडे शिकायला आणून सोडलं. वरची खोली माझ्या एकटीची! सगळीकडे टर्पेंटाइनचा वास. काकूंनी विचारलं, बोलता येतं का? मी नुसती मान हलवली. म्हणाल्या, बरं झालं, बडबडी पोरं डोकं उठवतात. आईच्या आजारपणात मी औषधांच्या खोक्यांवर चित्रं काढायचे, ती बाबांनी दाखवली. आई जाऊन वर्ष होईल आता. निघताना बाबा उगाच खिसे चाचपत राहिले.

६ तारीख, बुधवार
इथं सगळे एकच चित्र उतरवून शिकतात. काकूंच्या मास्तरांनी काढलेलं. टेबल, पांढरं फडकं, तीन नासपती, अर्धं सोललेलं लिंबू, चकचकीत किटली. इतकं हुबेहूब की लिंबाकडे बघून दात आंबतात. शिवाय काडी मोडलेला एक चष्मा. तो म्हणे काकूंनी शिकताना आपल्या मनाने घातला, आणि मग मूळ चित्रातही आला. कोणाचा ते त्यांना आठवत नाही. मला थट्टाच वाटली.
आधी चौकोन आखले. एक डोळा मिटून ब्रशच्या दांड्याने मापं घ्यायची. नियम एकच, समोर आहे तेवढंच काढायचं, आपलं काही घालायचं नाही.
जेवायला आम्ही दोघी, तरी काकू तीन ताटल्या मांडतात. मग एक उचलून ठेवतात.

११ तारीख, सोमवार
काकू बाजारात गेल्या होत्या. टेबलाची उजवी बाजू फारच रिकामी वाटली. आईचा निळा कप मी सोबत आणलाय, टवका उडालेला. तो समोर ठेवून माझ्या चित्रात घातला. मग हात थांबेना. किटलीच्या पोटात नखाएवढी आई काढली, केस बांधताना. शेवटी डोळ्यात पांढरा ठिपका दिला. तिने बघितलं असं वाटलं. खूप रडले. बरं वाटलं.

१२ तारीख
कप नाही. पिशवी उपडी केली. मूळ चित्रात मात्र आहे. वाळलेला. बोट लावलं तर रंग लागत नाही. किटलीत आईपण आहे.
बाबांना फोन केला. म्हणाले, कसला कप गं? आणि हसले. वर्षभरात पहिल्यांदा. मग मी आईचा म्हटलं.
ते म्हणाले, कोणाची आई?

१३ तारीख
काकू ओरडल्या नाहीत. खालीच बसल्या. म्हणाल्या, तुझं ओलं आहे तोवर सुरीने खरवड, गेलेलं परत येतं. मला तो चष्मा नाही खरवडवला गं, म्हणाल्या.
कप खरवडला. कप पिशवीत आहे! खरंच आहे.
आता किटली —

१३, दुपार
सुरी लावली. ती बघते. तिचा आवाज आठवेना झालाय. चेहरा आता फक्त इथंच आहे. खरवडला आणि ती आलीच नाही तर? कप आला. पण कप मेलेला नव्हता —

१४
कडा सुकल्या. मधे अजून ओलं. काकू दारातून म्हणतात, कर गं, कर. हात उठत नाही. घरात आजारी कोण होतं — मी शाळा का —

१५ तारीख, शुक्रवार
चित्र वाळलं. काकू छान म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. किटलीतली बाई मला खरंच चांगली जमलीय, कोण आहे कोण जाणे. पिशवीत एक फुटका कप निघाला, टाकून देईन. हा फोनही कोणाचा तरी जुना दिसतो, र अडकतो. आज ताटल्या मी मांडल्या, कशा कोण जाणे चार झाल्या.
अरे हो! समोरच्या न्हाव्याच्या मांजरीला पिल्लं झाली. एक अगदी हळू चालतं, त्याला मी नाव ठेवलंय गोग