मागच्याला न दाखवलेला हात

३ फेब्रुवारी, सोमवार

बावन्न किलोमीटर. मांड्या भरून आल्यात. डोकं त्याहून जास्त — धाकटी जाऊ दिवसभर माझ्या मागच्या चाकाला गोचिडासारखी चिकटून! वर्षभर सराव केला मी, गटात नाव घातलं मी, आणि निघायला महिना उरला असताना दीर म्हणाले, ‘वहिनी, हिलाही घेऊन जा की. तुम्ही असलात की मला काळजी नाही.’ तोंडावर नाही कसं म्हणणार? हो म्हटलं, आणि आता दातओठ खातेय.

सात जण आहोत. आठ दिवस, समुद्रापर्यंत. सगळ्यांत पुढे पोस्टमनकाका — निवृत्त झाले तरी सायकल काही सुटलेली नाही. नियम त्यांचाच: खड्डा दिसला की हात खाली करून मागच्याला दाखवायचा, त्यानं त्याच्या मागच्याला. असा तो हात शेवटच्या माणसापर्यंत पोचायला हवा. शेवटी असतो गवंडी. त्याच्यामागे कुणीच नाही, तरी तोही दाखवतो! ‘कुणाला दाखवता हो?’ विचारलं. ‘हाताला सवय राहते,’ म्हणाला. मला हसू आलं.

४ फेब्रुवारी

बेकरीवाल्याचं चाक तीनदा पंक्चर. तिसऱ्यांदा तो रस्त्याकडेला बसून स्वतःसाठीच टाळ्या वाजवायला लागला. माझं झालं असतं तर दिवसभर तोंड फुगवून बसले असते. हे त्याच्याकडून शिकायला हवं.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज मोठा चढ. मी न उतरता चढले — कुणी बघितलंसुद्धा नाही. पाण्याची बाटली उघडतेय तोवर धाकटी आली, लालबुंद, धापा टाकत, आणि सगळ्यांनी टाळ्या! बेकरीवाल्यानं तर शिट्टी मारली. ‘महिन्याभराच्या सरावावर हा चढ? शाब्बास!’ काका स्वतः म्हणाले. काका कुणाला शाब्बास म्हणत नाहीत.

ती काय म्हणाली? ‘ताईंच्या चाकामागे राहिलं की चढ कळतच नाही.’ सगळे कौतुकानं माझ्याकडे बघायला लागले. मीही हसले. मनात आलं, गोड बोलून भाव खाणं हिला बरं जमतं. घरातही हेच. लग्नाला सोळा वर्षं झाली तिच्या, सासूबाई अजून हिचंच नाव घेतात.

असं लिहायला नको. पण लिहिलं.

६ फेब्रुवारी

धाकटी पडली. उजवं मनगट. आज नाही लिहवत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहितेच. इथे तरी खरं लिहायला हवं.

काल सकाळी सपाट रस्ता, छान वेग. काकांनी हात खाली केला, त्यांच्यामागच्यांनी केला, माझ्यापुढच्या बेकरीवाल्यानं केला. मला खड्डा स्वच्छ दिसला. मी सायकल वळवली. हात हँडलवरच राहिला. विसरले? नाही. एक क्षण डोक्यात आलं — बघू दे की जरा स्वतःच्या डोळ्यांनी. एवढंच. मग मागे आवाज.

सगळे तिलाच बोलले! ‘इतकं चिकटून चालवू नका, म्हणून तीनदा सांगितलं होतं,’ गवंडी म्हणाला. चिडून नाही, कळवळून. ती मातीत बसून म्हणतेय, ‘माझंच चुकलं, माझंच चुकलं.’ आणि मी? मी तिला पाणी पाजत होते. सेवा करत होते!

गावातल्या छोट्या दवाखान्यात एक्स-रे. मी याच कामातली म्हटल्यावर तिथल्या बाईंनी मला आत येऊ दिलं. तिचा हात प्लेटवर मीच ठेवला. ‘हलू नकोस,’ मीच म्हणाले, कामावर म्हणते त्याच आवाजात. वीस वर्षं लोकांची मोडकी हाडं बघतेय; ही फिल्म मात्र दोनदा उजेडाला धरली. मनगटाजवळ सरळ तुटलंय. दीड महिना प्लास्टर. तिचं शिवणाचं दुकान. कातरी धरायचा हात तोच.

दीर गाडी घेऊन आले. मीही परत निघते म्हटलं, तर तीच म्हणाली, ‘नाही हं ताई, वर्षभर कष्ट केलेत तुम्ही. पूर्ण करूनच या.’ आणि मी राहिले! लाज वाटते लिहायला. राहिले.

८ फेब्रुवारी

आज दिवसभर माझ्यामागे गवंडी. हात न चुकता दाखवला. कागदाचा कपटा दिसला तरी दाखवला.

दुपारी झाडाखाली सगळे बसले असताना मी बोलले. म्हटलं, ‘ती पडली तो दोष माझा. मी हात दाखवायला विसरले.’ बेकरीवाल्याचे डोळेच भरून आले. ‘असं कबूल करायला धीर लागतो, ताई!’ सगळ्यांनी समजूत काढली. धाकटीला लगेच फोन लावला, तर ती हसली — ‘अहो, होतं असं! त्यात काय!’ किती हलकं वाटलं!

काका मात्र सायकलवर बसताना माझ्याशेजारी थांबले. ‘विसरलात?’ एवढंच. मी हो म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढे गेले.

एका खोट्यावर दुसरं खोटं, आणि वर शाबासकी. मला मेलीला हवी होती ती शाबासकी शेवटी अशी मिळाली.

१० फेब्रुवारी

पोचलो. समुद्र. फोटोत सगळ्यांत पुढे मीच आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

धाकटीकडे गेले. ती झोपली होती. दीर स्वयंपाकघरात भांडी घासत होते. म्हणाले, ‘वहिनी, तुम्हाला म्हणून सांगतो. दोन वर्षं झाली, तिला डाव्या डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही. गिऱ्हाइकं जातील म्हणून कुणाला कळू देत नाही. मी नकोच म्हणत होतो. ती म्हणाली, ताईंच्या मागे राहते, रस्ता दिसला नाही तरी त्यांचा हात दिसेल. म्हणून तर तुम्हाला गळ घातली.’

चहा तसाच टाकून आले. घरी येऊन मोरीत बसून रडले. रडून काय होणार!

१४ फेब्रुवारी

आज तिला सांगितलं. विसरले नव्हते, मुद्दाम नाही दाखवला — याच शब्दांत. तिनं प्लास्टरचा हात मांडीवर ओढून घेतला. मग हळूच म्हणाली, ‘सोळा वर्षं माझी आई म्हणतेय, तुझ्या जावेला तू डोळ्यांसमोर नको असतेस. आणि सोळा वर्षं मी तिच्याशी भांडतेय, की ताई तशा नाहीत.’