सहाशे फोटो, एकेक करून

मंगळ. ४ नोव्हें.
आठ दिवस वही उघडली नाही. लिहिलं की कबूल करावं लागतं, म्हणून टाळलं. तर, रविवारी सांगलीला बाबांची साठी. ताईला अल्बम करायचाय, आणि तिच्या लग्नाचे फोटो फक्त माझ्या डिस्कवर, बॅकअपमध्ये. दोन वर्षांपूर्वी बाबांशी भांडून घर सोडताना डिस्क बॅगेतच राहिली. त्यात गेल्या आठवड्यात मी, अतिशहाणा, बॅकअप सॉफ्टवेअरची नवी व्हर्जन टाकली. आधी क्लिक केलं की फाइल हजर. आता एकेका फोटोला दहा-बारा मिनिटं. फोटो सहाशे.
ताईला फोनवर म्हटलं, "होतंय."

बुध. ५
जुनी व्हर्जन परत टाकली. उपयोग नाही. नवीने बॅकअपच बदलून ठेवलाय, जुनीला तो उघडत नाही. कंपनीचं उत्तर: अडचण माहीत आहे, काम चालू आहे.
जरा नदीवर, बागबाजार घाटावर गेलो. होडीतून पेंढा उतरवत होते, बघत बसलो, मग तो पेंढा कुठे नेतात ते बघत मागोमाग कुठवर गेलो... परत आलो तर लॅपटॉप झोपलेला. ४१व्या फोटोवर अडकून. पाच तास वाया.
या बंगाली भागात पूर्वी मराठ्यांना अडवायला खंदक खणला होता म्हणे. मी आलो तेव्हा कुणी नावही विचारलं नाही.

गुरु. ६
खोलीतून हललो नाही. फोटो आला की बघतो, दुसरं करणार काय. १३२: बाबा पंगतीत, घामाघूम, माझ्यावर ओरडतायत. "कॅमेरा ठेव, जिलबी घे हातात!" मी ठेवला नव्हता.
खालच्या मालकीणबाई, त्यांना बौदी म्हणजे वहिनी म्हणतो, वरण-भात घेऊन आल्या. "सारा दिन घर में? शोरीर ठीक आछे?" आठवड्यात समोरासमोर बोललेलं पहिलं माणूस.

शुक्र. ७
ताई चिडली. "होतंय होतंय काय लावलंयस! घालवलेस ना फोटो?" सगळं सांगून टाकलं. मग ताई म्हणाली, "बाबांना बुधवारीच सांगितलं होतं, फोटो तुझ्याकडे आहेत म्हणून."
"काय म्हणाले?"
"बरं म्हणाले."
दोन वर्षांत बाबा माझ्याबद्दल एवढंच बोलले.
"डिस्क घेऊन तूच ये ना रे. विमानाने ये."
"लॅपटॉप हलवला तर थांबेल गं."
हे कारण मला फारच पटकन सुचलं.

शनि. ८, सकाळ
३९०. ताई पुण्याहून सांगलीला निघाली असेल. आत्ता बौदी खालून ओरडल्या, "ओ मोराठी, तोमार बाबा एशेछेन!" बाबा आलेत म्हणे, मला वाटलं चेष्टा. खिडकीतून पाहिलं. मफलर, खांद्याला पिशवी, गल्लीतल्या माणसाला हिंदीत विचारतायत, "जिना किधर से?"
साठी उद्या, आणि हे इथे. ताईला माहीत नसणार. काय बोलू? चढतायत, मध्येच थांबले, दम लागलाय बहुतेक. खाली जाऊन पिशवी तरी