आईने पुसलेली पुराची रेघ

हॅमिल्टन, रविवार

ती. सुलेखामावशी,

साष्टांग नमस्कार (जमिनीचा भरवसा नाही, तेव्हा उभ्यानेच घातला असं समज). तुझा गुडघा आता जिने चढू देत असेल. आम्ही दोघी सुखरूप आहोत. आईचा दमा मात्र परत उठला आहे, त्याचंच हे पुराण.

उष्ण कटिबंधातलं वादळ घसरत घसरत आमच्यापर्यंत आलं आणि ओढा घरात शिरला. आणीबाणी जाहीर झाली (तुमची पंचाहत्तरची वेगळी, इथल्या आणीबाणीत पकडत नाहीत, ब्लँकेट देतात). मग इंजिनिअर घरोघर फिरून दारावर स्टिकर लावतात. लाल म्हणजे आत पाऊल नको, पिवळा म्हणजे दुरुस्तीपर्यंत राहू नका, पांढरा म्हणजे राहायला हरकत नाही. पिवळा मिळाला की सरकार तात्पुरतं कोरडं घर देतं. हे काम मीही करते, त्यामुळे दिवसभर लोकांना सांगत फिरत होते की तपासणी होईपर्यंत चिखल पुसू नका. स्वतःचं घर तपासायला मला मनाई, म्हणून आमच्याकडे बाहेरगावाहून मदतीला आलेले कॉलिन नावाचे गृहस्थ येणार होते. आईलाही तेच बजावून मी निघाले.

आईने त्यातलं "माणूस येणार" एवढंच ऐकलं. भिंतीवर गुडघाभर उंचीला पुराची रेघ होती. इतकी सुबक रेघ मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिली नव्हती. ती तिने सोड्याने घासून काढली. भिजलेला गालिचा शेजारच्या रमणकडून उचलवून गराजमागे टाकला, जमीन पुसली, पंखे लावले, उदबत्ती लावली (वास हाही तपासणीतला मुद्दा असतो, तोही गेला), उंबऱ्यात रांगोळी काढली. कॉलिननी बूट दाराबाहेर काढले, त्यांचे मोजे कोरडे राहिले, साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतली आणि पांढरा स्टिकर लावून गेले. इतकं नीटनेटकं घर या आठवड्यात पाहिलं नाही, असं म्हणाले म्हणे. आई हे मला कौतुकाने सांगत होती. मी फक्त विचारलं, रेघ का पुसलीस.

"परक्या माणसाला तसल्या भिंती दाखवायच्या? मग मी घरी होते कशाला?"

इथली घरं लाकडी खांबांवर उभी असतात, तेव्हा संध्याकाळी मी जमिनीखालच्या पोकळीत सरपटत जाऊन पाहिलं. दोन लाकडी खांब सरकलेत, फळ्या खालून चिंब आहेत. वरून घर हळदीकुंकवाला तयार. आई खोकते आणि म्हणते, इथली हवाच तशी. फेरतपासणी मागितली आहे, गुरुवारी दुपारी. त्यासाठी कपाटामागची थोडी भिंत मी चिखलासकट राखून ठेवली आहे. आईला ती सापडलेली नाही, असं धरून चालले आहे.

काकांना नमस्कार.

तुझी,
ऋग्वेदा

ता. क. गुरुवारी तुझ्या सकाळी साडेसातला (तेव्हा इथे दुपार असते; फिरायला जाणं एक दिवस चुकव) आईला व्हिडिओ कॉल कर आणि दीड तास गुंतवून ठेव. घरात रेंज नाही असं सांगून तिला मागच्या अंगणात बसव. विषय संपलेच तर माझ्या लग्नाचा काढ, तो पुरतो.

ता. क. २ फक्त विषय काढायचा. स्थळ सुचवायचं नाही.